उत्तरांची फाइल

संगणकाला काही विचारायचं असलं की पडदा निळा पडतो आणि मधोमध एक करडी चौकट येऊन बसते. बसते म्हणजे ठाण मांडून बसते. उत्तर मिळेपर्यंत पुढचं काम बंद. तुम्ही जेवून या, वर्ग घेऊन या, बेल्याचा बाजार करून या, चौकट आहे तिथेच. रंजीता मॅडमला ह्या चौकटीचा इतका राग आला होता की गुरुवारी दुपारी ती पडद्याला मोठ्यानं म्हणाली, "बस झालं वं माय!" बाहेर व्हरांड्यात पोरांच्या जेवणाचे तांदूळ निवडत बसलेल्या जयवंताबाईंनी आत डोकावून विचारलं, "मले म्हटलं का, मॅडम?"

शाळा आदिलाबाद जिल्ह्यातल्या बेला मंडलातली, म्हणजे तालुक्यातली, तेलुगु मुलखाच्या काठावरची, पण मराठी माध्यमाची, सहावी ते दहावी. रंजीता तिथे गणित शिकवायची. सगळ्या शाळेत चालू पडद्याला न घाबरणारी ती एकटीच, म्हणून संगणकही तिच्याच गळ्यात पडले होते. हैदराबादच्या एका संस्थेनं अकरा जुनी यंत्रं दिली होती. कुठल्याशा ऑफिसातून रिटायर झालेली, पण धडधाकट. संस्थेची अट सरळ होती. सोमवारी सकाळी त्यांचा माणूस येणार. शाळेसाठी बनवलेलं पॅकेज, म्हणजे टंकलेखनाचे धडे, शब्दकोश, गणिताचे खेळ, नकाशे, हे सगळं अकराही यंत्रांवर बसलेलं आणि चालू दिसलं तर यंत्रं शाळेची. नाही दिसलं तर उचलून दुसऱ्या शाळेला. पुढच्या शाळा यादीत ताटकळत होत्याच.

पॅकेज बसवायला तास-सव्वा तास लागायचा आणि त्या वेळात ते मधेच थांबून प्रश्न विचारायचं. संस्थेच्या विनयनं फोनवर त्याचा तोडगा आधीच सांगून ठेवला होता. पॅकेजच्या पेनड्राइव्हमध्येच सगळ्या प्रश्नांची उत्तरं भरलेली एक फाइल होती. "मॅडम, टेन्शन नक्को लो. वो फाइल डालो, एक भी सवाल नहीं पूछेगा."

त्या फाइलीशिवाय एकदा बसवून बघू म्हणून रंजीतानं सुरुवात केली, तर दुसऱ्याच चौकटीला तिचं घोडं अडलं आणि जयवंताबाईंना आत डोकवावं लागलं. मग तिनं मुकाट्यानं विनयची फाइल घातली. यंत्रानं खरोखर चकार शब्द विचारला नाही. सव्वा तासानं पहिला संगणक चालू झाला तो अख्खा तेलुगुत. मेनू तेलुगु, कीबोर्ड तेलुगु, टंकलेखनाचा पहिला धडा तेलुगु, नकाशावर पेनगंगेचं नावसुद्धा तेलुगु.

शाळेतल्या पोरांना तेलुगु अगदीच येत नव्हतं असं नाही. तेलुगुचा तास होता, बाजारात आणि बसमध्ये ती कानावर पडत होती. पण जे पोर घरी मराठीत भांडतं आणि मराठीतच बेरजा करतं, त्याला आयुष्यात पहिल्यांदा संगणकासमोर बसवायचं आणि समोर सगळं दुसऱ्या लिपीत, म्हणजे ते दोन दिवसांत खुर्ची सोडून मैदानात पळणार. मग यंत्रांवर प्लॅस्टिकची कव्हरं चढणार. तिनं असे कव्हरातले संगणक पाहिले होते. अगदी चालू, आणि कोणी हात न लावलेले.

तिनं विनयला फोन लावला. तो काही वाईट माणूस नव्हता, फक्त घाईत होता. "फाइल में तेलुगुच है मॅडम, सब स्कूल को वहीच जाता. मंडे को चालू दिखना, बस. लँग्वेज बाद में देखेंगे."

बाद में काय होतं ते रंजीताला पुरतं ठाऊक होतं. काहीच होत नाही.

मुख्याध्यापक देवानंद सरांचं मत वेगळं होतं. सर वर्षभरात निवृत्त होणार होते आणि तोवर आपल्या नावाचा एकही कागद वर जाऊ नये एवढीच त्यांची या जगाकडून अपेक्षा होती. ते म्हणाले, "चालू झालं ना मॅडम? मंग झालं. आपल्याले यंत्रं ठेवाची हायेत. भाषा कोन पाह्यते?"

"पोरं पाह्यतीन, सर."

"अन् तुमच्या खटपटीत सोमवारी एखादं बंद पडलं तर? अकराची अकरा जातीन."

हे खरं होतं. त्या रात्री तिला नीट झोप लागली नाही, पण सकाळी उठली तेव्हा तिचं ठरलेलं होतं. यंत्रं राहतील आणि मराठीत राहतील. दोन्हींपैकी एक निवडा असं कोणी म्हटलेलं नव्हतं, मग आपणच ते कशाला धरून बसायचं?

शुक्रवारी शाळा भरायच्या आधीच तिनं विनयची फाइल बाजूला ठेवली आणि कालच्या यंत्रावरचं पॅकेज काढून टाकलं. भाषेची एक छोटी सेटिंगची फाइल असते, ती तिनं स्वतः मराठी करून अकराही यंत्रांत टाकली आणि सगळीकडे पॅकेज सुरू केलं. निळे पडदे येतील तशी उत्तरं देत फिरायचं असा बेत होता. दहा वाजता बेल्याहून निरोप आला की अकराला मीटिंग आहे, गणिताच्या सगळ्या शिक्षकांनी यायचं. असे निरोप नेमके अशाच दिवशी येतात. तिनं सरांकडे पाहिलं, सरांनी कपाटाकडे पाहिलं. जावं लागणार होतं.

तिनं फकिरामामांना बोलावलं. मामा शाळेचे शिपाई, तिच्याच वस्तीतले. लहानपणी तिला खांद्यावर बसवून त्यांनी भीमजयंतीची मिरवणूक दाखवली होती. इंग्रजी अक्षरं ते ओळखायचे, इंग्रजी वाचता येत नव्हतं. तिनं त्यांना निळा पडदा दाखवला, Y म्हणजे हो, N म्हणजे नाही, खाली-वर बाणानं जायचं, एंटरनं पुढं जायचं, सगळं समजावलं.

"पण मनानं काही दाबू नका मामा. चौकट आली की मले फोन करा. मी सांगीन काय दाबाचं थे."

"तू जाय बाई बिनघोर. मी हावो ना अथी."

दुपारी चार वाजता ती ऑटोतून उतरली. दिवसभरात एकही फोन आला नव्हता आणि ह्याचंच तिला वाटेत बरं वाटून गेलं होतं. संगणकाच्या खोलीत मामा मधल्या खुर्चीवर ताठ बसले होते आणि त्यांच्या भोवती अकराच्या अकरा पडदे झळकत होते. मामांचा चेहरा त्या पडद्यांहून उजळ होता.

"येकबी अडलं नाई बाई. समदे झाले."

समदे झाले होते. समदे तेलुगुत झाले होते.

ती ह्या यंत्रावरून त्या यंत्रावर धावली, सेटिंगची फाइल उघडून पाहिली. तिची मराठी फाइल कुठेच नव्हती. बसवताना यंत्रानं विचारलं होतं, ह्या फाइलीत तुम्ही बदल केलेला दिसतो, तुमची ठेवू की आमची नवी घालू? नुसतं एंटर दाबलं असतं तरी यंत्रानं तिची ठेवली असती. नवी घालायची तर मुद्दाम Y दाबावं लागतं. अकरा वेळा मुद्दाम Y दाबलं गेलं होतं. आता नुसती फाइल बदलून भागणार नव्हतं. शब्दकोश, धडे, मेनू, सगळं एकदा दिलेल्या उत्तरांवर बांधलं जातं. पॅकेज काढून पुन्हा बसवायचं, दुसरा इलाज नव्हता.

"काय दाबलं तुमी?"

"हो दाबलं. समद्याईले हो."

"काऊन पण? मी सांगतलं होतं ना फोन करा म्हणून!" तिचा आवाज व्हरांड्यापर्यंत गेला. भांडी घासणाऱ्या जयवंताबाईंचा हात थांबला.

मामा उठून उभे राहिले. "मीटिंगमंदी मोठ्या साहेबापुढं तुहा फोन वाजला असता. बरं दिसते का थे?" मग थोडं थांबून, काहीतरी साधी गोष्ट समजावून सांगावी तसं म्हणाले, "अन् बाई, चाळीस वर्सं झाली मले हापिसाच्या खिडकीपुढं उभं राहून. जमिनीचा कागद म्हना, पेन्शन म्हना, राशन म्हना. थो तेलुगुत इचारते, आपल्याले समजत नाई. मंग 'अवुनु सार' म्हनाव. हो म्हटलं की कागद पुढं सरकते. नाई म्हटलं, नाईतर काय म्हन्ता सायेब असं इचारलं, की 'बाजूला व्हा' म्हन्ते, अन् दिवस गेला. हे यंत्रबी तसंच हाये. हो म्हटलं की पुढं सरके. म्या कायी चुकलो का?"

रंजीतासमोर आता मामा नव्हते, तिची आई सोजरबाई होती. सहा वर्षांच्या रंजीताचं बोट धरून ती अशाच एका खिडकीपुढं उभी होती. कारकुनानं सगळं रीतसर विचारलं होतं, त्याची काही चूक नव्हती. आईनं दरवेळी मान डोलावून "अवुनु सार" म्हटलं आणि कागद भराभर पुढं सरकला. त्यात रंजीताच्या दाखल्यावर मातृभाषेच्या रकान्यात तेलुगु लागली. वीस वर्षांनी मराठी माध्यमाच्या पक्क्या जागेसाठी अर्ज करताना तो रकाना आडवा आला. दुरुस्तीचा कागद निघेपर्यंत जागा भरून गेली होती, आणि रंजीता आजवर कंत्राटावरच होती. आईला तिनं कधी बोल लावला नाही. पण तो एक 'हो' तिला सलत होता, अजूनही.

"नाई मामा," ती म्हणाली. "तुमी चुकले नाई. मीच पळत गेली. उद्या शाळा सुटल्यावर तुमी माह्याजवळ बसा."

"नको बाई. म्या हातच लावत नाई आता त्याले."

"हात नका लावू. पण बसा."

शनिवारी अर्धी शाळा. दुपारी पोरं गेल्यावर रंजीतानं एका यंत्रावरचं पॅकेज काढलं, वही उघडली, ओढणी कमरेला गच्च बांधली आणि मामांना शेजारी बसवलं. जयवंताबाई कापूस वेचायला जाणार होत्या, पण कालचा आरडाओरडा ऐकल्यापासून त्यांना राहवत नव्हतं. त्या दारातल्या स्टुलावर येऊन टेकल्या. रंजीतानं नेम केला होता. प्रत्येक चौकट आली की ती मराठीत मोठ्यानं वाचायची. तिघांना समजेपर्यंत उत्तर द्यायचं नाही. समजल्यावर आधी वहीत लिहायचं, मगच बटण.

पहिल्याच चौकटीनं खंड विचारला, मग शहर. यादीत सापडलं कोलकाता.

"कलकत्ता?" जयवंताबाई म्हणाल्या. "अन् आदिलाबाद काऊन नाई?"

"घड्याळासाठी हाये वं. समद्या देशाचं घड्याळ एकच."

"मंग आदिलाबादच लिवावं ना त्याईनं." जयवंताबाईंचं समाधान झालं नाही, पण वहीत कोलकाताच लिहिलं गेलं.

मग कीबोर्ड. रंजीतानं वहीत मराठी लिहिलं, खाली इंग्रजी लिहिलं आणि रेघ मारली.

"अन् तेलुगु?" जयवंताबाईंनी विचारलं.

"तेलुगु कशाले आता? दोन दिवसांपासून त्याच्यापायीच तर जीव गेला माह्या."

"कशाले म्हन्जे? माह्या पोरीले दहावी झाल्यावर आदिलाबादले जा लागन. थ्या कालेजात तिच्यासंगं मराठी कोन बोलन? अथीच शिकली तर शिकली."

दोन दिवस रंजीता त्या लिपीवर दात धरून होती आणि राग नेमका कोणावर आहे हे तिनं एकदाही तपासलं नव्हतं. तिनं रेघ खोडली. मराठी पहिली, तेलुगु दुसरी, इंग्रजी तिसरी, आणि दोन बटणं एकत्र दाबली की पोरांनी हवी ती घ्यावी.

पुढची चौकट मामांच्या वाट्याला आली. चालू असलेल्या काही सेवा बंद करून पुन्हा सुरू कराव्या लागतील, न विचारता करू का? मामांनी तोंड उघडलं, "हो" अर्ध्यावर आला आणि त्यांनी तो गिळला.

"म्हन्जे मोटर बंद करून परत चालू केल्यासारखं?"

"तसंच."

"कोनी वापरून राह्यलं का आता?"

"कोणीच नाई."

"मंग करू दे," मामा म्हणाले, आणि खुर्चीत जरा मागे रेलले. कोणीतरी विचारावं, आपल्याला ते समजावं आणि मग आपण उत्तर द्यावं, हे त्यांच्या आयुष्यात फार वेळा झालं नसावं.

एका चौकटीनं विचारलं की तुम्ही कोणतं पॅकेज किती वापरता ही माहिती दर आठवड्याला बनवणाऱ्यांकडे पाठवू का? मामांनी आधी कोण ते विचारलं, मग कशाला ते विचारलं, मग त्यात पोरांची नावं जातात का ते विचारलं. नावं जात नाहीत, असं रंजीता म्हणाली. तरी मामांनी मान हलवली. "नाई म्हन," ते शेवटी म्हणाले. "पयले आपल्याले वापरू दे." यंत्र बाजूला व्हा म्हणालं नाही. निमूट पुढं सरकलं. ते पाहून मामा हसले, आणि रंजीतालाही दोन दिवसांत पहिल्यांदा हसू आलं.

तिनं मग विनयची फाइल उघडली. गुरुवारी तिच्याकडे बघायची सुद्धा तिला भीती वाटली होती, बारीक इंग्रजी ओळींची नुसती गिचमिड. आता वही शेजारी ठेवून पाहिलं तर त्या ओळी म्हणजे तेच प्रश्न होते, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी एक शब्द, तो उत्तराचा. तिनं फाइलीची नक्कल केली आणि वहीतली उत्तरं एकेक करून त्या जागी भरली. ह्या यंत्रात तिनं सेटिंगची फाइल टाकली नव्हती, म्हणून शुक्रवारचा तो प्रश्न आज आला नव्हता; त्याच्यासाठी शेवटी 'आमची फाइल ठेवा' अशीही एक ओळ, त्याच धाटणीची, मनानं लिहून घातली.

रविवारी सकाळी अकराही यंत्रं साफ करून तिनं आपली मराठी सेटिंगची फाइल पुन्हा टाकली, नवी उत्तरं दिली आणि पॅकेज सोडलं. तासभर सगळं कसं गुण्यागोविंदानं चाललं. निळी चौकट एकदाही आली नाही. देवानंद सर रविवार असूनही घरून निघून आले होते आणि दर दहा मिनिटांनी "झालं का?" विचारत होते. आणि मग पहिलं यंत्र थांबलं, पाठोपाठ दुसरं, बघता बघता सगळी अकरा. ह्या वेळी पडदा काळा होता. त्यावर पांढऱ्या अक्षरात तोच प्रश्न, रंजीतानं तो मोठ्यानं वाचला, तुमची फाइल ठेवू की आमची घालू?

"याचं उत्तर तर मी लिहिलं होतं!" रंजीता ओरडली. तिनं आपली फाइल उघडली. ओळ होती. जशीच्या तशी होती. यंत्रानं तिच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. सर डोक्याला हात लावून बसले, म्हणाले, "मॅडम, म्या म्हटलं होतं."

मामा काळ्या पडद्याजवळ वाकले. "बाई, हा निळा नाई."

"हो ना. तेच तर."

"मंग दुसरी खिडकी असन. येकाच हापिसात दोन खिडक्या रायते. अर्ज एकीत, शिक्का दुसरीत. पयल्या खिडकीतल्या कागदाचं दुसऱ्या खिडकीवाल्याले कायी घेनं ना देनं. त्याले येगळं सांगा लागते."

रंजीतानं पॅकेजसोबत आलेली माहितीची पानं झरझर खाली सरकवली, आणि सापडलं. निळे प्रश्न विचारणारा कार्यक्रम एक, फायली जागेवर ठेवणारा दुसरा. दुसऱ्याला ही उत्तरांची फाइल दिसतच नाही. त्याला कमांड देतानाच सांगावं लागतं की जुनी ठेव. पुस्तकात तीन पानं घेतलेली गोष्ट मामांनी खिडकीपुढं उभं राहून राहून शिकली होती.

पुढच्या वेळेसाठी तिनं ती सूचना फाइलीत सगळ्यात वर लिहून ठेवली. आत्ता मात्र अकरा यंत्रं उत्तराची वाट बघत होती.

"दाबा मामा."

"म्या?"

"तुमीच. काय इचारते थे समजलं ना?"

"आपली ठेवू का त्याईची घालू, असं इचारते."

"मंग?"

मामा पहिल्या यंत्रापुढं गेले. N शोधलं, दाबलं, एंटर केलं. मग दुसऱ्यापुढं. प्रत्येक वेळी ते पडद्यावरच्या ओळीवरून बोट पूर्ण फिरवून बघत आणि मगच दाबत. अकरा यंत्रांना त्यांना दहा मिनिटं लागली आणि कोणीही त्यांना घाई केली नाही. दुपारी एकच्या सुमारास पहिल्या पडद्यावर 'नमस्कार' उमटलं. सरांनी ते दोनदा वाचलं. मग चष्मा काढून पुसला, खरं तर तो स्वच्छच होता.

सोमवारी दहाला विनय आला तो टेंपो घेऊनच. सडपातळ, तिशीतला, हातात छापील फॉर्म. सगळी यंत्रं चालू आहेत हे बघून त्याला हायसं वाटलेलं दिसलं. त्यानं भराभर खुणा केल्या आणि फॉर्म रंजीतापुढं धरला. शेवटचा रकाना होता, पॅकेज संस्थेनं ठरवलेल्या सेटिंगप्रमाणे बसवलं आहे का, हो की नाही.

देवानंद सर तिच्या खांद्याशी येऊन कुजबुजले, "हो लिवा मॅडम. येवढं झालं, आता एका हो-साठी कायले घालवता? कोन पाह्यते?"

मोह झाला. खोटं कशाला बोला, मोह झालाच. एक अक्षर, आणि टेंपो परत जाणार होता. तिनं पेन उचललं आणि 'नाही'वर खूण केली. खाली मोकळ्या जागेत काय काय बदललं ते सगळं लिहून काढलं.

विनयनं वाचलं आणि त्याचा चेहरा पडला. "मॅडम, ये क्या किए आप? 'नो' लिखे तो मेरे को मशीन उठाना पडता. रूल है."

"सवाल आपने पूछा. जवाब सही देना पडेगा ना?" रंजीता मागे सरली नाही. "उठाना है तो उठाओ. उठाने के पहले एक बार देख लो बस."

कोणी काही सांगण्याआधी जयवंताबाई हात पुसत आत आल्या. हे त्यांनी कोणाला विचारून केलं नव्हतं. त्या कडेच्या यंत्रापुढं बसल्या, पडद्यावरच्या कीबोर्डच्या चित्राकडे आणि खालच्या बटणांकडे आळीपाळीनं बघत एका बोटानं टंकू लागल्या. तिसरीत शाळा सुटलेली बाई. एक अक्षर, थांबायचं, दुसरं अक्षर. एकदा चुकलं, खोडलं.

आज भात, सांबार, अंडं.

विनयला हिंदी वाचता येत होती, त्यानं ते मोठ्यानं वाचलं. "किसने सिखाया, अम्मा?"

"कोनी नाई. चित्र हाये ना पडद्यावर. अन् अक्षर तं आपलंच हाये."

विनय रंजीताला हळूच म्हणाला की ह्या बाजूच्या आठ शाळांना त्यानं यंत्रं दिली, दोनदा फिरून आला, दोन्ही वेळा कव्हरं घातलेली. त्याला वाटत होतं मास्तर आळशी आहेत. तो फोन घेऊन बाहेर गेला. टेंपोभोवती येरझारा घालत तो कोणाशी तरी तेलुगुत बोलत होता, मधेच आवाज चढत होता. आत देवानंद सर खुर्चीत बसले होते आणि मामा दाराला टेकून उभे होते. रंजीताला त्या क्षणी यंत्रं हवी होती, फार हवी होती, आणि 'नाही'चा पश्चात्ताप मात्र होत नव्हता.

विनय आत आला. "रहने दो बोले. नीचे रीझन लिखे ना आप, वो चलता बोले." मग त्यानं बॅगेतून लॅपटॉप काढला. "लेकिन आपका फाइल मेरे को दो मॅडम. आठ स्कूल में डालना है."

तिनं फाइल दिली. त्याच्या लॅपटॉपनं लगेच विचारलं, ह्या नावाची फाइल इथे आहे, तिच्या जागी ही घालू की दोन्ही ठेवू? विनयचं बोट सवयीनं 'जागी घाला'कडे गेलं.

"रुको," रंजीता म्हणाली. चार दिवसांपूर्वी कोणी विचारलं असतं तर तिनं स्वतःच्या हातानं ती तेलुगु फाइल पुसली असती आणि वर आनंद मानला असता. आता तिला तलमडुगुकडची एखादी शाळा दिसली, तेलुगु माध्यमाची, आणि सगळा मराठी पडदा बघून गप्प बसलेलं एक पोर. त्याच्या शिक्षिकेला कोणी सांगितलं असतं, चालू आहे ना, मग झालं. "वो फाइल का कुछ गलती नहीं. दोनों रखो."

"दोनों का एकच नाम है मॅडम."

तिनं वाकून पाहिलं. त्याच्या फाइलीचं नाव नुसतं 'उत्तरं' होतं, इंग्रजीत. कोणाची, कुठली, काही नाही. जणू दुसरी उत्तरं असूच शकत नाहीत. तिची त्याच फाइलीची नक्कल, म्हणून तिचंही नाव तेच.

"तो मेरे पे मराठी लिखो," ती म्हणाली, "और आपके पे तेलुगु लिखो. किसी ने लिखा नहीं, इसलिए तो इतना हुआ."

विनयनं आधी स्वतःच्या फाइलीचं नाव बदललं, नंतर तिच्या. लॅपटॉप मिटला, फॉर्म घडी घालून खिशात ठेवला, आणि थोड्या वेळानं रिकामा टेंपो बेल्याच्या रस्त्याला लागला.